पिकअप मोटारीची प्रमाणबद्ध प्रतिकृती
हस्तव्यवसाय व गणित यांचा एक समवायी पाठ
(इयत्ता ६ वी व ७ वी यांना शिकविणाऱ्या शिक्षकांसाठी)

'प्रमाण' हा शब्द प्राथमिक शाळेच्या वरच्या वर्गांत मुलांच्या कानांवर वारंवार पडतो. नकाशाच्या कोपऱ्यात तो असतो, अंकगणिताच्या पुस्तकात त्यावर स्वतंत्र प्रकरण असते, आणि चित्रकलेच्या तासालाही त्याचा उल्लेख होतो. तथापि हा शब्द पाठ होतो, पण अंगवळणी पडत नाही. 'एकास पंचवीस' या प्रमाणाने काढलेल्या आकृतीतील चार सेंटिमीटर म्हणजे प्रत्यक्षात किती, असे विचारल्यास मूल 'शंभर' असे चटकन सांगते. परंतु त्याच प्रमाणाने केलेले लहान खोके कितीदा भरून ओतले म्हणजे मूळचे मोठे खोके भरेल, असे विचारताच तेच मूल तितक्याच चटकन 'पंचवीस वेळा' असे उत्तर देते. ही चूक फळ्यावर दुरुस्त केल्याने टिकाऊ उपयोग होत नाही. ती हाताने मोजून, कापून, जोडून आणि भरून दुरुस्त व्हावी लागते. या दृष्टीने प्रमाणबद्ध प्रतिकृती तयार करण्याच्या छंदाचा शाळेत चांगला उपयोग होण्यासारखा आहे. त्यातील एक सुपरिचित शाखा म्हणजे पिकअप मोटारीचे जोडसंच. प्रस्तुत लेखात या छंदाचा परिचय करून देऊन, महागडा संच विकत न घेता त्यावरून पुठ्ठ्याचा पाठ कसा घ्यावा, हे सांगितले आहे.

पाठाचे हेतू

१. गुणोत्तर व प्रमाण यांचे ज्ञान प्रत्यक्ष मोजमापातून दृढ करणे.
२. लांबी, क्षेत्रफळ व घनफळ ही एकाच प्रमाणाने बदलत नाहीत, याची प्रतीती देणे.
३. काम क्रमाने करण्याची व जोडण्यापूर्वी पडताळून पाहण्याची सवय लावणे.
४. मूळ वस्तूत बदल करावयाचा असल्यास त्याचे परिणाम आधी हिशेबात घेण्यास शिकविणे.

विषयाची ओळख

पुढे चालकाची केबिन आणि मागे उघडा हौदा, अशी ही मोटार आज महाराष्ट्रातील कोणत्याही आठवड्याच्या बाजारात दिसते. टोमॅटोचे क्रेट, कांद्याच्या गोणी, दुधाचे कॅन, मांडवाचे सामान, सर्व काही तिच्या हौद्यातून जाते. तिचा जन्म मात्र अमेरिकेतील शेतावरचा. प्रारंभी तेथील शेतकरी साध्या मोटारीचा मागचा भाग काढून त्या जागी लाकडी पेटी बसवीत असत. इ. स. १९२५ मध्ये फोर्ड कंपनीने आपल्या 'मॉडेल टी' गाडीवर कारखान्यातच हौदा बसवून ती २८१ डॉलर किमतीस विक्रीस ठेवली. १९४८ सालापासून त्याच कंपनीची 'एफ' मालिका सुरू झाली व १९५३ मध्ये त्या मालिकेतील हलक्या गाडीचे नाव 'एफ-१००' असे झाले. गोलसर बॉनेट, रुंद मडगार्ड आणि आटोपशीर हौदा असलेली ही गाडी पुढे हौशी मंडळींची विशेष आवडती ठरली. तिचे टप कापून खाली बसविणे, तिची उंची कमी करणे, तिला अधिक शक्तीचे इंजिन घालणे, असे नाना प्रकार अमेरिकेत झाले.

मोटारींच्या लहान प्रतिकृतींचा इतिहासही मनोरंजक आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील मोटारविक्रेते नव्या गाड्यांच्या हुबेहूब लहान प्रतिकृती जाहिरातीसाठी वापरीत. अशा प्रतिकृती बनविण्यासाठी १९४८ मध्ये मिशिगन राज्यात 'ॲल्युमिनियम मॉडेल टॉइज' ही संस्था निघाली. पहिल्या प्रतिकृती ॲल्युमिनियमच्या होत्या म्हणून हे नाव. लवकरच धातूची जागा प्लॅस्टिकने घेतली आणि नावाची 'एएमटी' ही आद्याक्षरेच तेवढी उरली. आरंभीचे ॲसिटेट जातीचे प्लॅस्टिक काही वर्षांत वाकत असे. पुढे न वाकणारे पॉलिस्टायरीन वापरात आले. १९५८ मध्ये या संस्थेने सुट्या भागांचे जे संच काढले, त्यांत एक नवी कल्पना होती. एकाच खोक्यात तीन प्रकारे गाडी जोडण्याचे भाग दिलेले असत. कारखान्यातून निघते तशी, हौशी मालकाने सजविलेली, किंवा शर्यतीची, यांपैकी कोणती गाडी करावयाची हे जोडणाऱ्याने ठरवावयाचे. ज्या मुलाने तोवर केवळ सूचनापत्रक पाळले होते, त्याच्यापुढे या खोक्याने निवड ठेवली. शिक्षणाच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नव्हे.

याच देशात याहूनही कठीण अशी एक स्पर्धा होती. मोटारींचे सांगाडे बनविणाऱ्या फिशर बॉडी या संस्थेने १९३० मध्ये किशोरवयीन मुलांसाठी प्रतिकृतींची स्पर्धा सुरू केली; ती १९६८ पर्यंत चालली. प्रारंभी एका जुन्या राजेशाही घोडागाडीची प्रतिकृती करावी लागे. पुढे मुलांनी स्वतःच कल्पिलेल्या मोटारीची, एकास बारा या प्रमाणातील प्रतिकृती स्वीकारली जाऊ लागली. पारितोषिक म्हणून विद्यापीठातील शिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळे. १९४७ मध्ये चार्ल्स जॉर्डन या तरुणाने ती मिळविली. तो पुढे जनरल मोटर्स कंपनीत रचनाकार झाला आणि १९८६ ते १९९२ या काळात त्या कंपनीच्या रचनाविभागाचा प्रमुख होता. १९५५ मध्ये निघालेल्या शेव्हरोले 'कॅमिओ कॅरियर' या पिकअपच्या रचनेचे श्रेय त्यालाच दिले जाते. त्या गाडीचा उल्लेख पुढे पुन्हा येईल. एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. ही स्पर्धा केवळ मुलग्यांसाठी होती. आपल्या वर्गात हे काम मुलींनाही तितकेच द्यावे. मोजमाप व कारागिरी यांत असा भेद करण्यास कोणतेही कारण नाही.

प्रमाणाचा हिशेब

अमेरिकन मोटारींच्या संचांत एकास पंचवीस हे प्रमाण रूढ आहे. त्याच्या जवळचे दुसरे प्रमाण म्हणजे एकास चोवीस. एका फुटास अर्धा इंच असा सोपा हिशेब त्यात बसतो. आपल्या दशमान पद्धतीत मात्र एकास पंचवीस अधिक सोयीचे, कारण शंभर सेंटिमीटरचे बरोबर चार सेंटिमीटर होतात.

१९५३ च्या एफ-१०० गाडीच्या पुढील व मागील चाकांच्या मध्यांतील अंतर ११० इंच, म्हणजे सुमारे २७९ सेंटिमीटर होते. त्यास २५ ने भागले असता ४.४ इंच, म्हणजे सुमारे ११.२ सेंटिमीटर येतात. सव्वा मीटर उंचीचे मूल या प्रमाणात ५ सेंटिमीटरचे होते. दरवाज्याभोवतीची ५ मिलिमीटरची फट प्रतिकृतीत अवघी ०.२ मिलिमीटर उरते.

येथे एक सूक्ष्म गोष्ट मुलांच्या लक्षात आणून द्यावी. प्रतिकृतीचा आकार लहान करता येतो. रंगाचा थर आपोआप लहान होत नाही. प्रतिकृतीवर ०.१ मिलिमीटर जाडीचा थर बसला, तर मूळ गाडीच्या मानाने तो अडीच मिलिमीटर जाड झाला. एवढ्या जाड रंगात दरवाज्याची फट बुजून जाते आणि अक्षरांची कड हरवते. म्हणून अनुभवी लोक एकच भरघोस हात न देता अनेक पातळ हात देतात. 'रंग पातळ द्या' ही सूचना कारागिराची आवड म्हणून आलेली नाही. ती त्रैराशिकाचेच उत्तर आहे.

जोडणीचा क्रम

संचातील भाग एका चौकटीला चिकटलेल्या स्थितीत येतात. वितळलेले प्लॅस्टिक दाबाने साच्यात शिरताना ज्या वाटांनी गेले, त्या वाटाच थंड होऊन ही चौकट बनते. कामाचा क्रम सामान्यतः पुढीलप्रमाणे असतो.

(१) सर्व चौकटी कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुऊन वाळवाव्या. साच्यातून भाग सुटा व्हावा म्हणून लावलेला तेलकट अंश त्यांवर राहिलेला असतो, आणि त्यावर रंग धरत नाही.

(२) भाग चौकटीपासून पिळून तोडू नये. चिमट्याने किंचित दूर कापून उरलेली गाठ कानशीने व बारीक पॉलिश पेपरने साफ करावी. सूचनापत्रकातील क्रमांक चौकटीवर असतात, म्हणून सर्व भाग एकदम कापून ढीग करू नये.

(३) डिंक लावण्यापूर्वी प्रत्येक सांधा कोरडा जुळवून पाहावा. या एका सवयीवर निम्मे यश अवलंबून असते. पुढचा आस तिरपा बसला, तर त्या क्षणी काहीच बिघडलेले दिसत नाही. परंतु सर्व गाडी जोडून झाल्यावर तिचे एक चाक हवेत राहते, आणि तोवर दुरुस्तीची वेळ टळून गेलेली असते.

(४) पॉलिस्टायरीनसाठीचा द्रव सामान्य अर्थाने चिकटवीत नाही. तो दोन्ही कडांचा पृष्ठभाग विरघळवितो, विरघळलेले थर एकमेकांत मिसळतात, आणि द्रव उडून गेल्यावर तेथे एकजीव सांधा उरतो. म्हणून तो थोडाच लावावा. जास्त झाल्यास नाजूक भाग मऊ पडून वाकतो. काचेच्या जागी असलेल्या पारदर्शक भागावर त्याची वाफसुद्धा धुरकट डाग पाडते. तेथे साधा पांढरा डिंक वापरावा. बंपरसारख्या चकचकीत भागांवर धातूचा अतिशय पातळ मुलामा असतो. तो सांध्यापुरता खरवडल्याशिवाय सांधा टिकत नाही, कारण द्रवाचा परिणाम प्लॅस्टिकवर होतो, मुलाम्यावर होत नाही.

(५) फटींत लांबी भरावी, वाळल्यावर घासावी, मग अस्तराचा रंग द्यावा. अस्तरामुळे रंग धरतो हे खरे. पण त्याचा दुसरा उपयोग अधिक मोलाचा आहे. एकसारख्या करड्या रंगाखाली प्रत्येक ओरखडा व प्रत्येक उंचवटा स्पष्ट दिसू लागतो. अस्तर हा एक प्रकारे परीक्षकच होय. दोष दिसल्यास मागे जाऊन पुन्हा घासावे. वरच्या रंगाने तो झाकला जाईल अशी आशा धरू नये.

(६) इंजिन, सांगाडा, केबिनचा अंतर्भाग, बाहेरील पत्रा व हौदा ही उपांगे स्वतंत्रपणे पूर्ण करून शेवटी एकत्र आणावी. गाडीच्या कारखान्यातही सर्वसाधारणपणे असेच चालते.

फेरबदल आणि त्यांचे परिणाम

संच दिल्याप्रमाणे जोडणे ही पहिली पायरी. त्यानंतर जोडणाऱ्यास आपल्या मनाप्रमाणे बदल करण्याची इच्छा होते, आणि या छंदाचे खरे शैक्षणिक मूल्य तेथे आरंभ पावते. कारण कोणताही बदल एकटा येत नाही.

उंची कमी करणे : पुढचा आस ४ मिलिमीटर वर घेतला, तर गाडीचे नाक तितकेच खाली येते. मूळ गाडीच्या मानाने हे १० सेंटिमीटर झाले. आता चाक मडगार्डच्या आतील बाजूस घासेल काय? चाक वळविल्यावर जागा पुरेल काय? इंजिनाचा तळ जमिनीस लागेल काय? ही तिन्ही उत्तरे कापण्यापूर्वी मिळाली पाहिजेत.

टप कापणे : खिडक्यांच्या खांबांतून एक आडवी पट्टी कापून काढावयाची आणि छप्पर खाली आणून पुन्हा जोडावयाचे, म्हणजे गाडी ठेंगणी व वेगवान भासते. ऐकण्यास हे सोपे वाटते. परंतु खांब सरळ उभे नसून आत झुकलेले असतात, त्यामुळे बाजूने पाहिल्यास केबिनचा वरचा भाग समलंब चौकोनासारखा दिसतो. समजा, त्याची खालची बाजू ५ सेंटिमीटर, वरची बाजू ४ सेंटिमीटर आणि उंची २ सेंटिमीटर आहे. म्हणजे दर सेंटिमीटर उंचीस रुंदी अर्ध्या सेंटिमीटरने घटते. मधून अर्ध्या सेंटिमीटरची पट्टी काढली, तर कापाच्या खालची रुंदी कापाच्या वरच्या रुंदीपेक्षा पाव सेंटिमीटरने अधिक राहते. छप्पर खाली आणले की खांबाला खांब भेटत नाही. अशा वेळी छप्पर मधोमध कापून त्यात अडीच मिलिमीटरची पट्टी घालावी लागते, किंवा खांब आणखी झुकवावे लागतात. खऱ्या गाडीचे टप कापणाऱ्या कारागिरासमोरही हीच अडचण येते. त्याच्यासमोर ती सव्वासहा सेंटिमीटरची असते इतकेच. करवत चालविण्यापूर्वी ज्याने कागदावर आकृती काढली, त्याला ती आधीच कळते. ज्याने काढली नाही, त्याला ती दोन तुकडे हातात आल्यावर कळते.

हौद्यात बदल : जुन्या पिकअप गाड्यांचा हौदा केबिनपेक्षा अरुंद असे, मागचे मडगार्ड बाहेर आलेले व त्याच्या पुढे पाय ठेवण्याची पायरी असे. वर सांगितलेल्या १९५५ च्या 'कॅमिओ कॅरियर' गाडीत नेहमीचाच हौदा ठेवून त्याच्या बाहेरून फायबरग्लासचे गुळगुळीत पत्रे बसविले होते, त्यामुळे केबिनपासून फाळक्यापर्यंत बाजू एकसंध दिसू लागली. मूळ मोडून न टाकता त्यावर भर घालून रूप पालटण्याचे हे उत्तम उदाहरण होय. वर्गातील पाठासाठी हाच बदल निवडावा, कारण तो पुठ्ठ्यात सहज साधतो.

वर्गातील पाठ

कालावधी : आठ तासिका. साहित्य : जाड पुठ्ठा, कार्डशीट, फूटपट्टी, गुण्या, कात्री, पांढरा डिंक, बाटलीची चार समान झाकणे, बांबूच्या दोन काड्या, मापनपट्टी, बारीक कोरडी वाळू. प्लॅस्टिकचे परदेशी संच महाग असतात. शाळेने ते घ्यावे असा आग्रह नाही.

पूर्वतयारी : गावातील एखाद्या पिकअप मालकाची संमती घेऊन गाडी उभी असताना, चालक व शिक्षक यांच्या देखरेखीखाली, मुलांनी तिची मापे घ्यावी. चौघांचा एक गट करावा : दोघांनी पट्टी धरावी, एकाने वाचावे, एकाने लिहावे. प्रत्येक माप दोनदा घ्यावे. दोन मापांत फरक आल्यास कोणते खरे यावर वाद न घालता तिसऱ्यांदा मोजावे.

विषयप्रतिपादन : वर्गात आल्यावर प्रत्येक मापास २५ ने भागून तक्ता करावा. उदाहरणार्थ, हौद्याची लांबी २५० सेंटिमीटर, रुंदी १७० व बाजूंची उंची ४० भरली, तर पुठ्ठ्यावर ती अनुक्रमे १०, ६.८ व १.६ सेंटिमीटर होतील. मग शिक्षकाने पुढीलप्रमाणे प्रश्न विचारावे.

प्र. : मूळ हौदा आपल्या हौद्याच्या किती पट लांब आहे?
अपेक्षित उत्तर : पंचवीस पट.
प्र. : मूळ हौद्याचा तळ झाकण्यास आपल्या हौद्याच्या तळाएवढे किती तुकडे लागतील?
येथे बहुतेक मुले पुन्हा 'पंचवीस' म्हणतील. शिक्षकाने हे उत्तर चूक म्हणू नये. अंगणात खडूने मूळ मापाचा तळ आखावा आणि पुठ्ठ्याचा तुकडा लांबीच्या दिशेने एकामागोमाग ठेवून खुणा करावयास सांगावे. पंचवीस खुणा झाल्यावर एकच ओळ झालेली दिसेल. अशा आणखी किती ओळी लागतील, याचे उत्तर मुले स्वतःच देतील.
उत्तर : पंचवीस ओळी, म्हणून ६२५ तुकडे.
प्र. : आणि मूळ हौदा वाळूने भरावयाचा असेल, तर आपला हौदा किती वेळा भरून ओतावा लागेल?
उत्तर : असे पंचवीस थर, म्हणून १५,६२५ वेळा.

पडताळा : प्रतिकृतीचे घनफळ १० × ६.८ × १.६ = १०८.८ घन सेंटिमीटर. मूळचे २५० × १७० × ४० = १७,००,००० घन सेंटिमीटर. भागाकार बरोबर १५,६२५ येतो. मुलांनी पुठ्ठ्याचा हौदा प्रत्यक्ष वाळूने भरून ती वाळू ओंजळीत घ्यावी. एवढीशी वाळू आणि बाजारात गोण्यांनी भरलेली ती गाडी यांतील अंतर एकदा हाताला कळले, म्हणजे घनफळाची चूक सहसा पुन्हा होत नाही.

फलकलेखन :
लांबी — १ : २५
क्षेत्रफळ — १ : ६२५ (२५ × २५)
घनफळ — १ : १५,६२५ (२५ × २५ × २५)

उपयोजन : (अ) १,५०० किलोग्रॅम वजनाच्या गाडीची, त्याच धातूंची व सर्व भागांसह एकास पंचवीस प्रमाणाने प्रतिकृती केली, तर तिचे वजन किती भरेल? (उत्तर : ९६ ग्रॅम.) (आ) प्रत्येक मुलाने आपली उंची मोजून त्याच प्रमाणातील स्वतःची पुठ्ठ्याची आकृती कापावी व गाडीजवळ उभी करावी. आकृती फाळक्यापेक्षा किती उंच दिसते, हे पाहून मापे तपासावी. एखाद्याची आकृती टपावरून डोकावू लागली, तर चूक कोठे झाली हे सांगण्यास शिक्षकाची गरज उरत नाही. (इ) साधा हौदा पूर्ण झाल्यावर प्रत्येक गटाने एक बदल निवडावा : बाहेरून गुळगुळीत बाजू बसविणे, हौद्याची उंची वाढविणे, जनावरांसाठी वर जाळी करणे, किंवा ताडपत्रीसाठी कमानी करणे. बदल करण्यापूर्वी वहीत तीन ओळी लिहाव्या : काय बदलणार, कशासाठी बदलणार, आणि त्यामुळे आणखी काय बदलावे लागेल. तिसरी ओळ लिहिल्याशिवाय कात्री देऊ नये.

चूक झाल्यावर

या पाठात शिक्षकाची खरी कसोटी एका प्रसंगी लागते. एखाद्या मुलाने उतावळेपणाने हौद्याची एक बाजू एक सेंटिमीटर आखूड कापलेली असते. शेजारचा गट पुढे गेलेला असतो. मुलाच्या डोळ्यांत पाणी येते. अशा वेळी दोन मार्ग मोहात पाडतात. एक, शिक्षकाने स्वतः नवी बाजू कापून देणे. दुसरा, 'तुला कितीदा सांगितले' असे सर्वांदेखत म्हणणे. पहिल्याने प्रतिकृती सुधारते, पण मुलाचा तिच्याशी संबंध तुटतो. दुसऱ्याने मूल पुढच्या वेळी चूक करण्याचे थांबत नाही, केवळ ती लपविण्यास शिकते.

तिसरा मार्ग असा, की शिक्षकाने शेजारी बसून विचारावे, 'आता या तुकड्याचे काय काय करता येईल?' आतून पट्टी लावून बाजू लांबविता येते. हौदाच एक सेंटिमीटरने आखूड करता येतो; मात्र तसे केल्यास मूळ गाडीच्या मानाने पाव मीटर जागा कमी झाली, हे तक्त्यात प्रामाणिकपणे लिहावे लागते. किंवा नवा तुकडा कापता येतो. निवड मुलाने करावी. संचाच्या छंदात मुरलेले लोकही बिघडलेले व उरलेले भाग टाकून देत नाहीत. ते एका पेटीत साठवितात, आणि एका गाडीचे वाया गेलेले मडगार्ड पुढे दुसऱ्या गाडीस उपयोगी पडते. वर्गातही अशी 'उरलेल्या भागांची पेटी' असावी. चुकलेला तुकडा टोपलीत न जाता पेटीत जातो, एवढ्यानेही वर्गाची चुकीकडे पाहण्याची दृष्टी पालटते.

दक्षता

धारदार पाते प्राथमिक वर्गात मुलांच्या हाती देऊ नये. जाड पुठ्ठा शिक्षकाने आखलेल्या रेषेवर कापून द्यावा, कार्डशीट मुलांनी कात्रीने कापावी. प्लॅस्टिक विरघळविणारे द्रव व फवाऱ्याचे रंग वर्गात वापरूच नयेत. त्यांची वाफ शरीरास अपायकारक असते. अशा डिंकाची वाफ मुद्दाम हुंगण्याची घातक खोड काही मुलांना लागल्याने १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत मोठी चिंता निर्माण झाली होती. घरी कोणास संच मिळालाच, तर मोठ्यांच्या समक्ष, उघड्या खिडकीजवळ व ज्योतीपासून दूर काम करावे, हे पालकसभेत आवर्जून सांगावे. खडूच्या रेघांवर चालणारा पाठ रहदारीच्या रस्त्यावर घेऊ नये.

मूल्यमापन

गुण देताना गाडीच्या देखणेपणास सर्वांत कमी महत्त्व द्यावे. मापांची अचूकता, तक्त्याचा नीटनेटकेपणा, निवडलेल्या बदलाचे कारण आणि चूक दुरुस्त करण्याची रीत, या चार गोष्टी पाहाव्या. गटातील प्रत्येक मुलास एक प्रश्न तोंडी विचारावा. ज्याने केवळ पट्टी धरली, त्यालाही आपल्या हौद्यात किती वाळू मावते हे सांगता आले पाहिजे. शेवटी सर्व गाड्या एका ओळीत मांडून ज्या मालकाची गाडी मोजली त्याला पाहण्यास बोलवावे. आपल्या गाडीचा हौदा मुलांच्या तळहातावर पाहून तो काही मोजमापाचे प्रश्न विचारील. त्यांची उत्तरे शिक्षकाने देऊ नयेत, मुलांना देऊ द्यावी.

प्रतिकृती काही दिवसांनी मोडेल, पुठ्ठा ओलीने फुगेल, झाकणांची चाके हरवतील. त्याचे वाईट वाटण्याचे कारण नाही. मोजल्याशिवाय कापू नये, जुळवून पाहिल्याशिवाय चिकटवू नये आणि बदलाचा परिणाम ओळखल्याशिवाय बदल करू नये, या तीन सवयी मुलांबरोबर पुढच्या वर्गात गेल्या, तर आठ तासिका सार्थकी लागल्या असे शिक्षकाने समजावे.